माळ्यावरचं रेव्हॉक्स ए७७: रीळ चढवण्याआधीची कामं

प्रश्न थोडक्यात असा: आर्वी तालुक्यातल्या एका गावात जुन्या कवेलूच्या घराच्या माळ्यावर रेव्हॉक्स ए७७ हे स्पूल टेपरेकॉर्डर आणि सात इंची अकरा रिळं निघाली. डब्यांवर पेनानं ‘खंजिरी भजन’, ‘सप्ताह’ असं लिहिलेलं आहे. मशीनला वीज दिली तर दिवा लागला, उजवं चाक फिरलं, डावं जागचं हललं नाही. दोन-तीन मिनिटांत जळका वास येऊन पांढरा धूर निघाला, म्हणून प्लग काढला. भजनं संगणकात उतरवायची आहेत. मशीन दुरुस्त होईल का, आणि सुरुवात कुठून करायची?

भाऊ, प्लग लगेच काढला हे चांगलं केलं. रीळ चढवलं नव्हतं हे त्याहून चांगलं. मशीन दुरुस्त होईल. ए७७ हे विली स्टुडर यांच्या स्विस कंपनीनं १९६७ साली बाजारात आणलं. तीन मोटरी, काढता-घालता येणारी कार्डं, खोलायला सोपी बांधणी. घरगुती म्हणून विकलं गेलं तरी लहान स्टुडिओंनी ते बिनदिक्कत वापरलं. त्याचं सर्व्हिस मॅन्युअल मिळतं, सुटे भागही मिळतात. फक्त कामाचा क्रम चुकवू नका: आधी वीज, मग यंत्राची चाल, मग फितीवरचा आवाज वाचणारं हेड, आणि तुमची रिळं सगळ्यात शेवटी. ए७७ जगात हजारोंनी पडलेली आहेत, तुमच्या गावचा सप्ताह मात्र त्या एकाच फितीवर आहे. चाचणीसाठी एखादं बिनकामाचं रीळ मिळवा. डब्यावर काही लिहिलेलं असेल ते तोवर कपाटात राहू द्या.

आता धुराचं. पांढरा धूर म्हटलं की ट्रान्सफॉर्मर गेला अशी धास्ती बसते, पण या मशीनमध्ये बहुधा तसं नसतं. स्विच आणि रिलेच्या (विजेच्या चुंबकावर चालणाऱ्या स्विचच्या) संपर्कांवरची ठिणगी दाबायला त्यात रिफा बनावटीचे कागदी कंडेन्सर लावलेले असतात. पिवळसर पारदर्शक प्लॅस्टिकचा चौकोनी ठोकळा, आत चंदेरी कागदाची गुंडाळी दिसते. वर्षं जातात तशा त्या प्लॅस्टिकला केसासारख्या भेगा पडतात, पावसाळ्याची ओल आत शिरते आणि कागद ओला होतो. मग एक दिवस लाइन मिळाली की ठोकळा तापून फुटतो. गंमत अशी की फ्यूज बहुतेक वेळा जात नाही, मशीन चालूच राहतं आणि घरभर वास भरतो. भिंग घेऊन पाहा. ज्याला जाळीसारख्या भेगा असतील तो गेलेला किंवा जाण्याच्या वाटेवरचा समजा. एक फुटला असेल तर तसले सगळेच बदला. मूल्य छापलं असेल तेवढंच ठेवा, प्रकार एक्स२ घ्या, दाब २७५ व्होल्ट एसी किंवा वर. साधा ४०० व्होल्ट डीसीचा फिल्म कंडेन्सर तिथे चालत नाही. एक्स२ हा थेट लाइनवर बसण्यासाठीच तपासलेला असतो. ठोकळ्यावर मायक्रोफॅरडबरोबर ओहमचा आकडाही छापलेला दिसला, तर आत रेझिस्टरही आहे. तेव्हा नव्या कंडेन्सरला तेवढ्याच ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये जोडायचा.

ठोकळे बदलले म्हणून लगेच प्लग लावू नका. मागच्या बाजूचा व्होल्टेज सिलेक्टर पाहा. त्यावर ११०, १३०, १५०, २२०, २४०, २५० असे आकडे असतात आणि परदेशातून आलेलं मशीन बहुतेकदा २२० वर ठेवलेलं असतं. गावाकडची लाइन कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. ओलिताचे पंप चालू असताना १८०, आणि मध्यरात्री पंप बंद झाले की २५० च्या वर. दोन-तीन दिवस सकाळी, दुपारी आणि रात्री मल्टिमीटरनं लाइन मोजा आणि आकडे लिहून ठेवा. चढती बाजू धरून सिलेक्टर २४० किंवा २५० वर ठेवणं बरं. कमी दाबात हे मशीन फार तर सुस्तावतं, जास्त दाबात मोटर आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही तापतात.

स्टॅबिलायझरबाबत एक. फ्रिजला लावतात तो रिलेवाला स्टॅबिलायझर टप्पा बदलताना ‘टक’ करतो, आणि तो टक भजनाच्या मधोमध संगणकात उतरतो. सर्वो स्टॅबिलायझर असेल तर उत्तम. त्याहून सोपी सोय म्हणजे शुद्ध साइन वेव्हचा बॅटरी इन्व्हर्टर. मशीनची भूक शंभर वॅटच्या आत आहे, त्यामुळे घरचाही पुरतो. मात्र स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ते कधीच चालवू नका: मोटरी घुरघुरतात, तापतात, आणि आवाजात घरघर येते. आणि अर्थिंग खरंच आहे का ते तपासा. काळ्या जमिनीत पुरलेली अर्थिंगची सळई उन्हाळ्यात माती भेगाळली की मातीचा हात सोडते. खड्ड्यात कोळसा-मीठ असेल आणि दर आठवड्याला बादलीभर पाणी पडत असेल तर ती टिकते. अर्थ नसेल तर आवाजात हमही येतो आणि पत्र्याला हात लावला की झिणझिण्याही येतात.

पहिल्यांदा वीज देताना बल्ब सिरीजमध्ये घ्या. साधा फिलामेंटचा १०० वॅटचा बल्ब, एलईडी नव्हे. होल्डर फेजच्या तारेत, मधोमध. सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर पेटून मंदावतो. भगभगीत पेटून राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, आणि बल्ब तो प्रवाह जागीच अडवतो. डिमरस्टॅट, म्हणजे दाब हळूहळू वाढवता येणारा ट्रान्सफॉर्मर, मिळाला तर मोटरींचे कनेक्टर काढून ४० व्होल्टपासून अर्ध्या-एक तासात वर या, म्हणजे वर्षानुवर्षं झोपलेले इलेक्ट्रोलाइट कंडेन्सर हळू जागे होतात. मोटरी जोडून कमी दाबावर तासभर ठेवू नका, त्या फिरत नाहीत आणि नुसत्याच तापतात. मागचं झाकण काढलेलं असताना मोटरींच्या बाजूला थेट मेन्स असतं हे विसरू नका. एक हात खिशात, पायाखाली कोरडी फळी.

डाव्या चाकाकडे येऊ. वीज काढली की ब्रेक लागलेलेच असतात, म्हणून प्लग काढून ब्रेक सोडवणारा सोलेनॉइड (विजेच्या चुंबकानं ओढला जाणारा दांडा) हातानं दाबून धरा आणि दोन्ही चाकं फिरवून पाहा. डावं घट्ट वाटत असेल तर दोष विजेत नाही, ब्रेकमध्ये आहे. ब्रेकचा पट्टा ड्रमला चिकटलेला असतो किंवा तो सोडवणाऱ्या सोलेनॉइडचा दांडा जुन्या ग्रीसमध्ये रुतलेला असतो. चाक मोकळं असेल, चालू केल्यावर मोटर गुणगुणत असेल आणि बोटानं धक्का दिल्यावर फिरायला लागत असेल, तर मोटरचा कंडेन्सर गेला. याची खात्री सोपी आहे: डाव्या-उजव्या मोटरींचे कंडेन्सर आपसात बदला. दोष उजवीकडे सरकला की चोर सापडला. हात लावण्याआधी १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर दोन्ही टोकांना काही सेकंद टेकवून कंडेन्सर रिकामा करा.

हा भाग मिळायला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडची वाट पाहायला नको. मोटर रन कंडेन्सर म्हणजे आपला पंख्याचा कंडेन्सर, ४४० व्होल्ट एसीचा, तालुक्याच्या कोणत्याही वायरिंगच्या दुकानात मिळणारा. जुन्यावर छापलेला आकडा पाहा आणि २.५, ३.१५, ४ मायक्रोफॅरड यांतून समांतर जोडून तेवढा बसवा. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, दुप्पट चालत नाही: मोटरचा जोर बदलतो आणि त्याबरोबर फितीचा ताणही. दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचे, एकाच दिवशी घेतलेले लावा.

मोटर गुणगुणतही नसेल तर रिले पाहा. ए७७ चे रिले पारदर्शक डबीत असतात, संपर्क काळे पडलेले डोळ्यांना दिसतात. पॉलिश पेपर लावू नका, वरचा मुलामा निघून जातो. पोस्टकार्डाच्या जाडीच्या कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवा, संपर्कांच्या मध्ये घाला, बोटानं रिले दाबा आणि पट्टी ओढून काढा. चार-पाच वेळा केलं की पट्टीवर काळं उतरणं थांबतं.

एका गोष्टीनं भले भले फसतात. मागे रिमोट कंट्रोलचं सॉकेट आहे, त्यात एक डमी प्लग बसवलेला असायलाच हवा. तो नसला की ‘स्टॉप’ची वाट तुटलेली राहते आणि मशीन काहीच ऐकत नाही. लोक कार्डं बदलत बसतात आणि तो प्लग माळ्यावरच्या डब्यात पडलेला असतो. दुसरी अशीच जागा म्हणजे फितीच्या मार्गातला छोटा दिवा आणि त्याच्यासमोरचा प्रकाश ओळखणारा भाग. फीत संपली, उजेड पोचला, मशीन थांबलं, अशी ती युक्ती आहे. म्हणून फीत न चढवता ‘प्ले’ दाबलं तर मशीन चालत नाही, तो दोष नव्हे. चाचणीसाठी तिथे जुन्या फितीचा तुकडा अडकवा. पारदर्शक लीडर किंवा विरळ झालेली फीत असली तरी ते थांबतं. अंगणात उन्हात ठेवून चालवलं तरी थांबतं.

साफसफाई हा आपल्याकडचा खास विषय, कारण जिनिंगच्या पट्ट्यातलं मशीन उघडलं की आत आधी सरकीची रुई दिसते. ती मोटरच्या जाळ्यांत, ब्रेकच्या पट्ट्याखाली, पुलीच्या मागे गोळा होते आणि जुन्या तेलात भिजून तिचा बूच तयार होतो. त्यावर काळ्या मातीची धूळ बसली की तो बूच कानसेसारखं काम करतो. शिवाय कुंभारमाशीची मातीची घरटी, पालीची अंडी, उंदरानं कुरतडलेल्या तारा. कंप्रेसरची हवा थेट मारू नका: धूळ बेअरिंगमध्ये खोल जाते, आणि सायकलच्या दुकानातल्या कंप्रेसरमधून हवेबरोबर पाणी आणि तेलही येतं. मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम क्लीनरची नळी, हेच बरं. रुई चिमट्यानं उपटा. ब्रेकच्या पट्ट्याचं अस्तर अल्कोहोलनं पुसा. तिथे तेलाचा थेंबही नको. तेल लागलेला ब्रेक थांबताना फीत सैल सोडतो, पुढच्या क्षणी ती झटक्यानं ताठ होते, आणि जुनी फीत तिथेच तुटते.

ब्रेक बरोबर आहे की नाही याची एक जुनी कसोटी: ज्या चाकावरून फीत सुटत असते त्याचा ब्रेक गुंडाळणाऱ्या चाकापेक्षा घट्ट लागला पाहिजे. चाचणीचं रीळ वेगानं गुंडाळायला लावा, मधेच ‘स्टॉप’ दाबा, फितीला झोळ पडतो का ते पाहा. दोन्ही दिशांनी करा. झोळ पडला तर रीळ चढवण्याची घाई नको.

कॅपस्टनची, म्हणजे फीत ठरलेल्या वेगानं ओढणाऱ्या दांड्याची, बुश तेल पिऊन राहणाऱ्या ब्राँझची असते. वर्षांनी ती सुकते, मशीन थंडीत किंचाळतं, वेग डळमळतो. स्टुडरच्या मॅन्युअलमध्ये आयसोफ्लेक्स पीडीपी ६५ तेल सांगितलं आहे. ते नाहीच मिळालं तर चांगल्या प्रतीचं पातळ सिंथेटिक तेल, दोन-तीन थेंब, सिरिंजनं. शिलाई मशीनचं तेल तात्पुरतं चालतं. खोबरेल तेल नको, ते थंडीत गोठतं आणि नंतर चिकट होतं. गंज सोडवण्याचा स्प्रे हे तेल नव्हे, उरलंसुरलं तेलही तो धुऊन काढतो. जास्तीचं तेल दांड्यावरून चढून फितीवर येतं, म्हणून हात आखडता ठेवा. कॅपस्टनच्या दांड्याला पॉलिश पेपर लावून चकचकीत करायचा मोहही आवरा. गुळगुळीत दांड्यावर फीत घसरते.

फीत कॅपस्टनवर दाबून धरणारा रबरी पिंच रोलर अल्कोहोलनं घासून कडक करू नका. कोमट पाण्यात थोडा साबण, मऊ कापड, मग स्वच्छ पाणी आणि पूर्ण सुकवणं. नख दाबून पाहा: खूण पडून लगेच भरून आली तर रबर जिवंत आहे. खूणच पडत नसेल, वर आरशासारखी चमक असेल किंवा मधोमध खळगा असेल, तर नवा रोलर मागवा. इथे काटकसर करण्यात अर्थ नाही, कारण खराब रोलर फीत तिरकी ओढतो आणि तिची कड दुमडतो.

कॅपस्टन सुसाट पळत असेल, म्हणजे वेगाचं बटण कुठेही असलं तरी पूर्ण जोरात, तर दोनच जागा पाहा. वेग आवरणारा पॉवर ट्रान्झिस्टर शॉर्ट झालेला असतो, किंवा मोटरच्या दात्यांपाशी बसलेल्या, वेग मोजणाऱ्या टॅको हेडचा संकेत कार्डापर्यंत पोचत नसतो. टॅको आणि दात्यांमधली फट रुईनं भरलेली निघणं हे आपल्याकडे नवल नाही. वेग मोजायला फार साहित्य लागत नाही: टॅकोची फ्रिक्वेन्सी फितीच्या सेकंदाला ९.५ सेंटिमीटर वेगाला ८०० हर्ट्झ आणि १९ ला १६०० हर्ट्झ असते. हर्ट्झ दाखवणारा साधा मल्टिमीटर पुरतो, फक्त कार्डावर संकेत मोठा झाल्यानंतरच्या जागी लावा, कॉइलवर थेट लावला तर त्याला काही दिसत नाही.

फितीचा ताण मोजायला स्प्रिंगचा लहान काटा घ्या, ५०० ग्रॅमपर्यंतचा. रिकाम्या रिळाच्या हबभोवती दोरा गुंडाळा, ‘प्ले’मध्ये दोरा हळू, सारख्या वेगानं ओढा आणि काटा वाचा. हबची त्रिज्या ३ सेंटिमीटर आणि काटा १०० ग्रॅम दाखवत असेल, तर टॉर्क (चाकाचा फिरवण्याचा जोर) ३०० ग्रॅम-सेंटिमीटर. मॅन्युअलमधल्या आकड्याशी तो ताडून पाहा. टॉर्क तोच राहतो, त्रिज्या बदलते. भरलेल्या सात इंची रिळावर, साडेआठ सेंटिमीटरवर, तोच ताण ३५ ग्रॅम होतो आणि रीळ संपत आलं की पुन्हा १०० पर्यंत चढतो. म्हणूनच मशीनवर रिळाच्या मापाचं बटण आहे. तुमच्या सात इंची रिळांना ते लहानावर ठेवा. मोठ्यावर राहिलं तर हबाजवळच्या शेवटच्या वेढ्यांत जुन्या फितीवर नको इतका ताण येतो.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये सगळेच कंडेन्सर उपटून टाकायची एक साथ आहे, ती टाळा. जुन्या पट्ट्या सोल्डरिंग आयर्नच्या उष्णतेनं बोर्डावरून सुटतात आणि एका दोषाचे चार होतात. पॉवर सप्लायचे मोठे कंडेन्सर, सोनेरी वेष्टनातले फ्राको कंडेन्सर आणि थेंबासारखे टँटलम एवढे बदला. उघड्या कार्बनचे ट्रिमर (स्क्रूनं फिरवायचे छोटे रेझिस्टर) खरखरत असतील तर तेही बदला, पण काढण्याआधी प्रत्येकाची ओहममधली किंमत मोजून लिहा आणि नवा तिथेच जुळवून मग बसवा. एका वेळी एकच कार्ड बाहेर काढा, आधी फोटो काढा. पुनःपुन्हा बाहेर काढलेल्या कार्डांचे पितळी संपर्क अल्कोहोलनं पुसले की अर्धे ‘गेलेले’ चॅनल परत येतात.

हेडवर नख आडवं फिरवा. कड अडकली तर खाच पडली आहे. उथळ खाच असेल तर फीत अजून नीट वाजते, खोल असेल तर जाणकाराकडून हेड घासून घ्यावं लागतं. हेड आणि गाइड पुसायला घट्ट गुंडाळलेल्या कांड्या वापरा. मोकळ्या कापसाचे तंतू हेडच्या फटीत अडकतात.

हेडमधलं चुंबकत्व काढणारं उपकरण, डिमॅग्नेटायझर, वापरताना मात्र पुरतं सावध राहा. चुंबकत्व शिरलेलं हेड प्रत्येक वाजवणीला फितीवरचे वरचे स्वर थोडे थोडे पुसतं आणि सूऽ असा आवाज वाढवतं. मशीन बंद ठेवा, सगळी रिळं दुसऱ्या खोलीत. मग उपकरण मशीनपासून हातभर दूर धरून चालू करा, सावकाश जवळ आणा, प्रत्येक हेड, गाइड आणि कॅपस्टनवरून सेकंदाला दोन-चार सेंटिमीटर इतक्या संथ गतीनं फिरवा, आणि तसंच सावकाश मीटरभर मागे नेऊनच बंद करा. टोकावर चिकटपट्टी गुंडाळा म्हणजे हेडला ओरखडा जात नाही. आपल्याकडचा खरा धोका वेगळाच. उपकरण हेडजवळ असताना लाइन गेली तर त्या क्षणी जेवढं चुंबकत्व होतं तेवढं हेडमध्ये गोठून राहतं, म्हणजे आधीपेक्षा वाईट अवस्था. तेव्हा हे काम इन्व्हर्टरवर करा. तरीही मधेच वीज गेलीच, तर परत आल्यावर सगळं पहिल्यापासून करा.

आता फीत. प्रत्येक रीळ बाजूनं उजेडापुढे धरा. गुंडाळीतून उजेड झिरपत असेल तर फीत अ‍ॅसिटेटची आहे. जुनी, ओढली तर ताणत नाही, सरळ काचेसारखी तुटते. डबा उघडल्यावर शिरक्यासारखा आंबट वास आला तर अ‍ॅसिटेट कुजायला लागलं आहे, ते रीळ बाकीच्यांपासून वेगळं ठेवा आणि उतरवण्याच्या रांगेत पहिलं घ्या. उजेड अडत असेल तर पॉलिस्टर. त्यातही जिच्या पाठीला मॅट काळा लेप आहे, अशा सत्तरच्या दशकापासून पुढच्या काही फिती चिकट होतात, अँपेक्स ४०६ आणि ४५६ किंवा स्कॉच २२६ ही त्यांतली ठळक नावं. कण धरून ठेवणारा पॉलियुरेथेनचा चिकटा हवेतला ओलावा शोषून मोडतो. वाजवताना किंचाळी येते, हेडवर तपकिरी चिकट राळ साचते, कधी फीत जागीच थांबते. थांबली तर ओढू नका, लगेच बंद करा.

चिकट फितीला ऊब द्यावी लागते: ५० ते ५४ अंश सेल्सिअस, पाव इंची फितीला आठ तास, मग बंद कपाटात तेवढाच वेळ थंड होऊ द्यायचं. थर्मोस्टॅट आणि पंखा असलेला भाज्या वाळवण्याचा विजेचा डिहायड्रेटर उत्तम. त्याच्या डायलवर विश्वास न ठेवता आत वेगळं थर्मामीटर ठेवा. रीळ आडवं, सपाट ठेवा. मधे वीज गेली तर बिघडत नाही, तेवढे तास वाढवा. मे महिन्यात कवेलूवर पारा कितीही चढू दे, उन्हात वाळवणाबरोबर रीळ ठेवू नका. तापमान हातात राहत नाही आणि एक बाजू जास्त तापते. अंडी उबवायच्या पेटीत उष्णता पुरत नाही. गॅसची भट्टी आणि मायक्रोवेव्ह यांचं नावच काढू नका. ऊब दिलेली फीत साधारण महिनाभर वाजण्याजोगी राहते, पावसाळ्यात त्याहून कमी, म्हणून मशीन तयार झाल्यावरच हे करा. आणि अ‍ॅसिटेटला, किंवा पाठीवर काळा लेप नसलेल्या फितीला, ऊब कधीच नाही.

पांढरी बुरशी दिसली तर ते रीळ मशीनजवळ आणू नका. सिलिका जेल घालून बंद डब्यात दोन-तीन आठवडे ठेवा, बुरशी सुकून पावडर झाली की तोंडाला मास्क लावून, उघड्यावर मऊ ब्रशनं झाडा. सुटलेले जोड सेलोटेपनं चिकटवू नका. तिचा गोंद उन्हाळ्यात पाझरतो आणि शेजारच्या वेढ्यांना धरतो. फितीपेक्षा किंचित अरुंद अशी खास जोडपट्टी मिळते, तीच वापरा.

पहिल्यांदा मन घट्ट करून सगळ्यात कमी महत्त्वाचं रीळ निवडा. रेकॉर्डच्या बटणावर चिकटपट्टी लावा. तुम्हाला फक्त वाजवायचं आहे, रेकॉर्डिंगची जुळवणी आत्ता सोडून द्या. दोन्ही चॅनलांवर सरळ आवाजात उलटा आवाज मिसळलेला असेल तर फीत बहुधा चार पट्ट्यांची (चार ट्रॅकची) आहे आणि तुमचं हेड दोन पट्ट्यांचं. तिथे दुसऱ्या हेडचं मशीनच लागतं. आवाज दुप्पट वेगानं पळत असेल तर फीत सेकंदाला ४.७५ सेंटिमीटरवर भरलेली असावी, तो वेग नेहमीच्या ए७७ मध्ये नाही. ९.५ वर ९६ किलोहर्ट्झला उतरवा, फाइलचा दर ४८ करा. वेग जुळतो, इक्वलायझेशन, म्हणजे वरच्या-खालच्या स्वरांचं प्रमाण, नंतर दुरुस्त करावं लागतं.

अ‍ॅझिमथचा, म्हणजे हेडचा फितीशी असलेला कोन बदलण्याचा, स्क्रू फिरवण्याआधी त्याच्या डोक्यावर नेलपॉलिशची खूण करा. मग दोन्ही चॅनल एकत्र करून मोनो ऐका आणि झांज, खंजिरीच्या झिळांचा आवाज सगळ्यात खुला येईपर्यंत स्क्रू एकेका आठव्या फेऱ्यानं हलवा. प्रत्येक रिळाला हे नव्यानं करायचं, कारण प्रत्येक रीळ वेगळ्या मशीनवर भरलेलं असू शकतं. ठरलेले सूर भरलेली कॅलिब्रेशन टेप मिळाली तर आधी तिच्यावर मशीन जुळवून घ्या. १९ वर युरोपी पद्धतीच्या भरणीचं इक्वलायझेशन ७० मायक्रोसेकंदाचं असतं, अमेरिकी-जपानी नॅब पद्धतीचं ५०. चुकीच्या बाजूनं वाजवलं तर वरचे स्वर तीनेक डेसिबलनं इकडेतिकडे होतात. कोणती बाजू धरली ते फाइलच्या नावात लिहा.

वेग बरोबर आहे का, याची पडताळणी भजनातच सापडते. पेटीचा धरलेला सूर आजच्या पेटीवर शोधा. तो दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये पडत असेल तर वेगात तीन टक्क्यांच्या आसपास फरक आहे, मग तो मूळ भरणीचा की तुमच्या मशीनचा, ते टॅकोचा आकडा सांगतो. रेकॉर्डिंगमधल्या ५० हर्ट्झच्या घुमघुमीवर मात्र भरवसा ठेवू नका. त्या काळी ग्रिडच ४८-४९ वर घसरत असे.

उतरवताना २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. आवाज साफ करायची कामं नंतर, वेगळ्या प्रतीवर. वाजून झालेलं रीळ लगेच वेगानं मागे गुंडाळू नका. ‘प्ले’च्या वेगानं गुंडाळलेलं, शेवट बाहेर अशा अवस्थेतच डब्यात उभं ठेवा, आणि डब्यावर लिहा: ‘शेवट बाहेर’.